मयताचे देणे आणि वारसाची सही

अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला जुनी माणसे अद्याप नगर जिल्हाच म्हणतात, एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा दहावा असला, म्हणजे नदीकाठी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत बसलेल्या सोयऱ्यांच्या एका कोपऱ्यात बहुधा एक हिशोब दबक्या आवाजात चाललेला असतो. म्हातारा नगरच्या एखाद्या खाजगी रुग्णालयात तीन आठवडे अतिदक्षता विभागात होता. अनामत म्हणून भरलेले पैसे केव्हाच संपले. मागे बाकी राहिली ती लाखांत. थोरल्याने दाखल करताना सही केली होती, धाकटा चाकणच्या कारखान्यात नोकरीस आहे, आणि श्रीरामपूरला दिलेल्या लेकीने पाच वर्षांपूर्वीच हक्कसोडपत्र लिहून दिले आहे. तिघांपैकी कोणी काही बोलण्यापूर्वी भावकीतील एखादे वडीलधारे गृहस्थ निकाल देऊन मोकळे होतात : ‘बापाचं देणं आहे, पोरांनी फेडलंच पाहिजे, जमीन विका, पण नाव राखा.’

या निकालामागे असलेली भावना क्षुद्र नव्हे. ज्याने आपल्यासाठी आयुष्यभर काबाडकष्ट केले त्याच्या नावावर मृत्यूनंतर कोणी बोट दाखवू नये, ही इच्छा कोणत्याही संस्कारी मुलाच्या मनात असावी अशीच आहे. परंतु भावना आणि कायदा यांची गल्लत झाल्यामुळे कित्येक घरांत, जे देणे कायद्याने कोणाच्याही शिरावर नव्हते ते फेडण्यासाठी जिरायतीचे शेवटचे एकर विकले गेले आहे, आणि उलटपक्षी, ज्यांच्या हाती मयताची भरभक्कम मिळकत आली त्यांनी प्रामाणिक डॉक्टरांचे पैसे बुडवून हात झटकले आहेत. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहणे अगत्याचे वाटते.

आपल्या धर्मशास्त्रात ऋणादान हे अठरा व्यवहारपदांतील अगदी पहिले पद आहे, यावरूनच प्राचीनांनी या प्रश्नास किती महत्त्व दिले होते ते दिसून येईल. पित्याचे ऋण पुत्राने व्याजासह फेडावे, पितामहाचे ऋण पौत्राने केवळ मुद्दलापुरते फेडावे, आणि प्रपौत्रावर मात्र मिळकत हाती आली असेल तरच भार पडावा, अशी स्मृतिकारांची व्यवस्था होती. मद्य, द्यूत, कामासक्ती यांपायी काढलेले कर्ज, न भरलेला दंड आणि व्यर्थ दिलेली वचने पुत्राने फेडण्याचे कारण नाही, असा अपवादही त्यांनी विवेकाने घालून ठेवला होता. आजारपणाचे देणे अर्थातच या अपवादात बसत नाही. आईच्या ऋणाबाबत मात्र पुत्राच्या या धार्मिक कर्तव्याचा नियम लागू नव्हता. तो पुरुषपरंपरेपुरताच होता.

इंग्रजी अंमलात हाच नियम न्यायालयांच्या हाती आला तेव्हा मुंबई इलाख्यात त्याला फार कडक रूप आले. बापाकडून एक कवडी मिळाली नसली तरी मुलगा बापाच्या कर्जास स्वतःच्या कमाईतून जबाबदार, असा अर्थ येथे लावला गेला. या अन्यायावर उपाय म्हणून मुंबई सरकारने १८६६ साली सातव्या क्रमांकाचा अधिनियम केला, जो हिंदू वारसांच्या संरक्षणाचा कायदा म्हणून ओळखला गेला. पूर्वजांच्या कर्जास वारस त्यांच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरताच बांधील राहील, असे त्याने ठरविले. इतकेच नव्हे तर पुनर्विवाह केलेल्या विधवेच्या दुसऱ्या पतीवर पहिल्या पतीचे कर्ज लादता येणार नाही, हेही त्यात घातले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेला हा नियम आजही आपल्या विषयाचा कणा आहे.

मग कायदा असूनही त्या काळी शेतकरी का नागवला गेला? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध जो दंगा सुरू झाला तो पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. जमावाने माणसे मारली नाहीत. त्यांचा सारा रोख होता तो सावकाराच्या दप्तरावर. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून चौकात जाळण्यात आले. त्या कागदांत वडिलोपार्जित कर्जाचा भाग मोठा होता, कारण १८६६ च्या कायद्याने मुलास संरक्षण दिले असले तरी बाप गेल्यावर सावकार मुलाकडून नव्या रोख्यावर अंगठा घेई, आणि तो अंगठा उमटताच बापाचे देणे मुलाचे स्वतःचे देणे होई. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आज रुग्णालयाच्या खिडकीवर जे घडते त्याच्याशी त्याचे फार निकटचे नाते आहे.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. या कायद्यातील दोन गोष्टी मला आजही विलक्षण वाटतात. एक अशी की, रोख्यावर आकडा लिहिला आहे एवढ्यावर न थांबता न्यायाधीशाने त्या रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशोब तपासावा, अशी आज्ञा त्यात होती. दुसरी अशी की, दिलेल्या पैशाची पावती आणि हिशोबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

स्वतंत्र भारतात पुत्राच्या धार्मिक ऋणकर्तव्याचा शेवटचा अवशेष २००५ साली पुसला गेला. हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जाबाबत, केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू वा पणतू यांच्याविरुद्ध दाद मागण्याचा धनकोचा हक्क न्यायालय मान्य करणार नाही, असे सहाव्या कलमात स्पष्ट घातले गेले. त्यामुळे घाटावरील वडीलधाऱ्यांचा निकाल कायद्याच्या भाषेत आता टिकणारा नाही. देणे मयताचे आहे, आणि ते मयताच्या जिंदगीतून, म्हणजे त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीतून, वसूल व्हावयाचे आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही मयताच्या संपत्तीतून आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग तृतीयांशापर्यंत मृत्युपत्र आणि नंतर वारसांचे हिस्से असाच क्रम आहे.

जिंदगी म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे पुष्कळ गोंधळ असतो. मयताच्या नावे सातबाऱ्यावर असलेली स्वकष्टार्जित जमीन, बँकेतील ठेव, घर, ट्रॅक्टर, दुभती जनावरे, साखर कारखान्याकडून येणे असलेले उसाचे पैसे, ही सारी जिंदगी होय. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाचा वा मुलीचा जो जन्मसिद्ध हिस्सा आहे तो मात्र त्यांचा स्वतःचा. मयताचा तेवढाच हिस्सा देण्याला पात्र. विधवेला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हे मयताचे नसून तिचे असते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीकडे मयताच्या कर्जापासून मुक्त अशी जाते, आणि विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या कायद्याखाली पत्नीच्या वा मुलांच्या हितासाठी काढलेली विम्याची पॉलिसीही धनकोला शिवता येत नाही. इतर ठेवींत मात्र नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. नामनिर्देशित माणूस वारसांच्या व धनकोंच्या वतीने पैसे सांभाळणारा एवढाच असतो.

रुग्णालयाची बाकी आपोआप जमिनीवर चढत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे कर्ज सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा म्हणून नोंदलेले असते. रुग्णालयाचे बिल तसे नोंदता येत नाही. त्यासाठी रुग्णालयाने दिवाणी न्यायालयात दावा लावला पाहिजे, आणि तोही साधारणपणे तीन वर्षांच्या मुदतीत. हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पन्नासाव्या व बावन्नाव्या कलमांप्रमाणे त्याची बजावणी वारसाच्या हाती आलेल्या मयताच्या मिळकतीपुरतीच होऊ शकते. पण याची दुसरी बाजूही तितकीच कठोर आहे. न्यायालय वारसास मिळालेल्या मिळकतीचा हिशोब देण्यास भाग पाडू शकते, आणि ज्याने तेराव्याच्या आत ठेव मोडून पैसे फस्त केले व कोठे गेले ते सांगता येत नाही, त्याच्यावर तेवढ्या रकमेपुरती व्यक्तिशः जबाबदारी येते. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी, असे जमीन महसूल संहिता सांगते. त्याच सुमारास मयताचे येणे व देणे एका कागदावर मांडून वारसांनी त्यावर सह्या केल्या, तर पुढील कितीतरी कज्जे टळतील.

आता त्या सहीकडे येऊ. रुग्णवाहिकेतून वृद्धास उतरवल्यावर आत धावपळ चाललेली असते आणि मुलगा बाहेर खिडकीपाशी एका हातात आधार कार्ड व जुने रिपोर्ट भरलेली कापडी पिशवी धरून उभा असतो. आतून एक छापील कागद पुढे सरकतो. ‘दादा, इथं सही करा. नातं?’ ‘मुलगा.’ ‘इथं पण एक.’ त्या कागदाच्या वरच्या भागात उपचारास संमती असते, आणि खालच्या बारीक अक्षरांत, रुग्णाच्या उपचाराचा संपूर्ण खर्च देण्याची जबाबदारी मी स्वीकारीत आहे, अशा आशयाचे वाक्य असते. पहिल्या सहीने पैशाची कोणतीही जबाबदारी येत नाही. दुसऱ्या सहीने मात्र १८७२ च्या कराराच्या कायद्यातील जामीनकीचा वा प्रत्यक्ष वचनाचा प्रश्न उभा राहतो. आणि जामीनदाराची जबाबदारी, करारात अन्यथा ठरले नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच असते व ऋणकोच्या मृत्यूने संपत नाही. वारस म्हणून जो मिळकतीपुरता बांधील होता तो सही करणारा म्हणून स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या शेतातून बांधील होतो. स्वतःच्या खात्याचा धनादेश दिला असेल आणि तो वटला नाही, तर फौजदारी फिर्यादीचा धोका त्याहून वेगळा.

अशा वेळी सही करू नये असे सांगणे निर्दयपणाचे होईल. दारात बाप तळमळत असताना कोणता मुलगा कलमे वाचत बसेल? पण दोन गोष्टी त्या क्षणीही शक्य असतात. सहीखाली ‘रुग्णाच्या वतीने’ असे स्वतःच्या हाताने लिहिता येते, आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवता येतो. शिवाय त्याच वेळी आरोग्यमित्राचा शोध घ्यावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू होऊन २०१७ मध्ये या नावाने चालू झाली, तिच्या अंगीकृत रुग्णालयांत असा माणूस नेमलेला असतो. त्याच्याकडे शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवून पहिल्याच दिवशी नोंद केली तर पुढे बाकी राहण्याचा प्रसंगच पुष्कळदा येत नाही. धर्मादाय न्यास चालवीत असलेल्या रुग्णालयांवर तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ क-क या कलमाखाली, उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवण्याचे बंधन आहे. हे मृत्यूनंतर कळून उपयोग नाही.

मृत्यूनंतर मागितली जाणारी सही हा याहून दुःखद प्रकार. पूर्ण पैसे भरल्याखेरीज पार्थिव मिळणार नाही, असे कोणी म्हटले तर ते बेकायदेशीर आहे, हे प्रत्येक घरातील निदान एका माणसास पाठ असले पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे पाठविलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, बिलाच्या वादावरून रुग्णास अडवून ठेवता येणार नाही व मृतदेह रोखता येणार नाही, हे नमूद आहे. आणि बिलासाठी रुग्णास डांबून ठेवणे बेकायदा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले आहे. मृत्यूचे कारण दर्शविणारा वैद्यकीय दाखला डॉक्टरांनी विनाशुल्क द्यावयाचा असतो. उपचाराचे कागद मागितल्यापासून बहात्तर तासांत देण्याचे बंधन वैद्यकीय आचारनियमांत २००२ पासून आहे. पार्थिव अडवून ‘उरलेली रक्कम मी देईन’ असे लिहून घेतलेला कागद दडपणाखाली झाला म्हणून न्यायालयात आव्हानास पात्र ठरू शकतो. तथापि शांतपणे, आठ दिवसांनी, स्वखुशीने लिहून दिलेली बाकीची कबुली ही १८७५ पूर्वीच्या त्या नव्या रोख्यासारखीच बाधक होऊ शकते. म्हणून तगाद्याला उत्तर देताना ‘मयताच्या मिळकतीतून’ हे शब्द घालण्यास विसरू नये.

रोख्याच्या पाठीमागे जाण्याचा जो हक्क नगरच्या शेतकऱ्यास १८७९ मध्ये मिळाला, तो बिलाच्या बाबतीत आपण वापरतच नाही, याची मला खंत वाटते. तपशीलवार बिल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणांनंतर दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे शुश्रूषागृहांवर बंधनकारक आहे. बिल घरी आणून शांतपणे वाचावे. न वापरता फार्मसीत परत केलेली औषधे वजा झाली आहेत काय; ज्या दिवशी सकाळीच मृत्यू झाला त्या दिवसाचे खाटेचे पूर्ण भाडे लावले आहे काय; हातमोजे आणि सिरिंज यांची संख्या एका देहावर वापरता येईल एवढीच आहे काय; अनामतीच्या प्रत्येक पावतीची रक्कम जमेस धरली आहे काय, हे कोणत्याही साक्षर माणसाला तपासता येते. करोनाच्या काळात, २१ मे २०२० च्या आदेशाने, राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांसाठी साध्या विलगीकरणास दिवसाला चार हजार, अतिदक्षता विभागास साडेसात हजार आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह नऊ हजार रुपये असे दर बांधून दिले, आणि बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले. त्या साथीत पती गमावलेल्या स्त्रियांच्या हाती अशी बिले राहिली, तेव्हा याच जिल्ह्यातील शिक्षक व लेखक हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने, जन आरोग्य अभियानाच्या साथीने, मृतांच्या बिलांचीही तपासणी व्हावी, अशी मागणी लावून धरली. माणूस गेला म्हणून त्याच्या बिलाची छाननी संपत नाही, हे त्या स्त्रियांनी महाराष्ट्राला दाखवून दिले.

वृद्धाश्रमांचे आणि घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या बायकांचे देणे ही यातील निराळी बाजू. वृद्धाश्रमात दरमहाच्या खर्चाची हमी बहुधा मुलानेच लेखी दिलेली असते, आणि तेथे त्याची जबाबदारी स्वतःचीच. परंतु जेथे देणे केवळ मयताचे आहे आणि मृत्युपत्राचा व्यवस्थापक वा न्यायालयाने नेमलेला प्रशासक मिळकतीची विल्हेवाट लावतो, तेथे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचा क्रम फार सहृदय आहे. अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च, शेवटच्या आजारातील वैद्यकीय शुल्क आणि मृत्यूपूर्वीच्या एक महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च हे इतर सर्व कर्जांच्या आधी द्यावेत. आणि प्रशासनाच्या खर्चानंतर, शेवटच्या तीन महिन्यांत मजूर, कारागीर वा घरगुती नोकर म्हणून राबलेल्या माणसाची मजुरी द्यावी. सावकार आणि बँक त्यानंतर. रात्र रात्र जागून म्हातारीचे अंथरूण बदलणाऱ्या मावशीचा पगार कायद्याच्या नजरेत बिनतारणी कर्जापेक्षा श्रेष्ठ ठरला आहे, आणि हा क्रम न्यायालयाच्या आज्ञेवाचूनही प्रत्येक घराने पाळण्यासारखा आहे.

जिवंत आईबापांची गोष्ट मात्र संपूर्णतः वेगळी. तेथे कायदा मुलांना मोकळे सोडत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कल्याण कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच औषधोपचार अंतर्भूत आहेत. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे वृद्धास स्वतः, किंवा शक्य नसल्यास दुसऱ्यामार्फत, अर्ज करता येतो. मुलीही या जबाबदारीतून सुटत नाहीत. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर कन्येच्या प्रकरणात ठरविले. पण हा हक्क वृद्धाचा आहे, रुग्णालयाचा नव्हे. वृद्ध गेल्यावर रुग्णालय त्याच्या जागी उभे राहून मुलांकडे वसुली मागू शकत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी येथे थोडे सावध राहावे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१२ मध्ये न्यायालयाने एका मुलाला आईच्या शुश्रूषागृहाचे सुमारे ९३ हजार डॉलर भरावयास लावले, तेही त्याने कोणतीही हमी दिलेली नसताना. उलट जर्मनीने २०२० पासून, वर्षाला एक लाख युरोंहून अधिक उत्पन्न असलेल्या मुलांपुरतेच हे ओझे मर्यादित केले.

शेवटी त्या श्रीरामपूरच्या लेकीविषयी, कारण घाटावरच्या हिशोबात तिच्यावरच सर्वांत अधिक अन्याय होतो. वाटणीच्या वेळी ‘माहेर तुटू नये’ म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यावयाचे, आणि बाप गेल्यावर ‘तूही लेकच ना’ म्हणून बिलाचा तिसरा हिस्सा मागावयाचा, हा प्रकार आपल्या जिल्ह्यात इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. ज्याच्या हाती मिळकत राहिली त्याने ती मिळकत असेतो देणे फेडावे, हा १८६६ पासूनचा नियम आहे. आणि जिने काहीच घेतले नाही तिच्याकडे मागण्यासारखे काहीच नाही. माझी भावांना विनंती एवढीच की, वाटणीचा कागद लिहिण्यास बसाल तेव्हा रुग्णालयाची तपासून घेतलेली बाकी आणि मावशीचा पगार त्याच्या पहिल्या ओळीत लिहा, ही दोन्ही देणी फेडल्यावर जे उरेल तेच वाटा, आणि हक्कसोड दिलेल्या बहिणीचे नाव देण्याच्या यादीत घालू नका.